माजलगावची न लिहिलेली प्रवासवर्णने

मराठीत प्रवासवर्णन म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे परदेशाची सफर किंवा हिमालयाची यात्रा उभी राहते, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या वाङ्मयप्रकाराने तीच वळणे अधिक घेतली. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील पुस्तक १८८९ साली आले, अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० साली आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० साली. या सर्व लेखनातून मराठी माणसाला जग दिसले, हे त्यांचे मोल निर्विवाद आहे. परंतु प्रवासलेखनाचे जे तीन मूळ घटक मानता येतात, म्हणजे चाललेली वाट, वाटेत भेटलेली माणसे आणि त्या माणसांच्या तोंडून कळलेली वार्ता, ते लांबच्या सफरीतच सापडतात असे नाही. बीड जिल्ह्यातील माजलगाव या तालुक्याच्या गावी हे तिन्ही घटक शतकानुशतके एकत्र नांदत आले आहेत. तरीही या गावाच्या नावावर एकही प्रसिद्ध प्रवासवर्णन नाही, आणि जे लोक येथून सर्वाधिक प्रवास करतात त्यांची गणना प्रवाशांत होत नाही. ही उणीव लिहिणाऱ्यांची आहे. प्रवास करणाऱ्यांकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

माजलगाव गोदावरीला मिळणाऱ्या सिंदफणा नदीच्या काठी वसले आहे. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी वाहते आणि तिच्या पलीकडे परभणी व जालना हे जिल्हे लागतात, तर दक्षिणेला बालाघाटचे डोंगर चढत जातात. निजामाच्या राजवटीत सरकारी कागदांवर या गावाची नोंद ‘मंजलेगाव’ अशी होत असे, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत येथील रहिवाशांना पुणे किंवा नगर गाठायचे तर दुसऱ्या राज्याच्या हद्दीत पाऊल टाकावे लागे. आज दोन मोठे रस्ते येथे एकमेकांना छेदतात. पहिला राष्ट्रीय महामार्ग ६१, जो कल्याणहून निघून अहिल्यानगर, पाथर्डी, गढी, माजलगाव, पाथरी, परभणी व नांदेड अशी गावे घेत तेलंगणातील निर्मलकडे जातो. दुसरा विदर्भातील खामगावकडून लोणार, मंठा, परतूर, माजलगाव, धारूर, केज असा पंढरपूरला पोहोचतो आणि त्याला लोक शेगाव-पंढरपूर मार्ग म्हणून ओळखतात. एक रस्ता मालमोटारींचा व बाजारपेठांचा, दुसरा वारकऱ्यांचा. माजलगावचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध समजून घ्यायला या चौकात तासभर उभे राहणे पुरेसे आहे. रेल्वे मात्र माजलगावात नाही. आगगाडी धरायची तर एस. टी.ने गोदावरी ओलांडून मानवत रोड, सेलू किंवा परभणी गाठावे लागते, नाहीतर दक्षिणेला परळीला किंवा बीडला जावे लागते.

या तालुक्यातील प्रवासाचा सर्वांत जुना भरभक्कम पुरावा गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरी येथे मिळाला. देवगिरीचा यादव राजा रामचंद्र याच्या काळातील, शके १२३२ म्हणजे इ. स. १३१० मधील ताम्रपट येथे सापडला आणि विद्वान संशोधक वा. वि. मिराशी यांनी त्याचे संपादन केले. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले दानपत्र. राजाने कोणाला, कोणत्या गावांचे उत्पन्न, कोणत्या अटींवर दिले हे त्यात नोंदलेले असते. रामचंद्राने आपला मंत्री पुरुषोत्तम याला गावे दिली आणि पुरुषोत्तमाने ती विद्वान ब्राह्मणांना अग्रहार म्हणून लावून दिली, असा या लेखाचा आशय आहे. अग्रहार म्हणजे अध्ययन-अध्यापन करणाऱ्या ब्राह्मणांच्या निर्वाहासाठी करमुक्त करून दिलेली वस्ती. दान घेणारी कुटुंबे ठिकठिकाणांहून येऊन नदीकाठी स्थिरावत. तेव्हा असा लेख हा एका परीने स्थलांतराचाही दस्तऐवज ठरतो. त्यातील प्रशस्तीचा, म्हणजे राजाच्या स्तुतीपर मजकुराचा भर रामचंद्राच्या विजयांवर आणि वाराणसी मुक्त केल्याच्या कीर्तीवर आहे. वस्तुस्थिती अशी की १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली होती, १३०७ च्या सुमारास मलिक काफूरची स्वारी येऊन गेली होती आणि ज्या शकवर्षी हा ताम्रपट कोरला गेला त्याच शकवर्षाच्या अखेरीस काफूरची फौज दक्षिणेकडे जाताना देवगिरीवरून पुढे गेली. दरबारी लेखणी कोणती बातमी ठळक करते आणि कोणती मागे ठेवते, याचे याहून जुने उदाहरण माजलगाव परिसरात शोधूनही मिळणार नाही.

पुरुषोत्तमपुरीला आज जी वर्दळ होते ती अधिक मासात. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष सुमारे ३६५ दिवसांचे असल्याने दोहोंत दरवर्षी अकरा-एक दिवसांचे अंतर पडते. ते भरून काढण्यासाठी साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी पंचांगात जो महिना वाढवला जातो तो अधिक मास, आणि त्याचा देव पुरुषोत्तम मानला जातो. म्हणून या नावाच्या देवाचे मंदिर असलेले हे आडबाजूचे गाव त्या महिन्यात माणसांनी फुलून जाते. २०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा अधिक श्रावण होता. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ आहे. यात्रेकरू गोदावरीत स्नान करतात, देवाला पुरणाचे धोंडे वाहतात, लेक-जावयाला वाण देतात. पुरुषोत्तमपुरीहून काही अंतरावर मंजरथ येथे सिंदफणा गोदावरीला मिळते आणि त्या संगमावर अस्थिविसर्जन व उत्तरक्रियेसाठी दूरदूरची कुटुंबे येतात. तालुक्याच्या नदीकाठावर अशा रीतीने आनंदाचे व दुःखाचे प्रवासी सारख्याच श्रद्धेने उतरतात, आणि घाटावरील उपाध्ये, नावाडी, फुलवाले यांना गावोगावच्या सोयरिकी, मृत्यू, पाऊसपाणी यांची जितकी खबर असते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल.

गोदावरीच्या याच काठाने मराठी गद्यातील पहिले थोर प्रवासी चालत गेले. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी आपल्या अनुयायांना एका जागी न राहता सतत भ्रमण करण्याची शिकवण दिली. पंथाच्या परिभाषेत त्याला ‘अटन’ म्हणतात. यादवकाळात त्यांनी गोदातीर आणि विदर्भ पायाखाली घातला, आणि ते गेल्यावर त्यांच्या आठवणी गोळा करण्याचे काम म्हाइंभटांनी हाती घेतले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेले ‘लीळाचरित्र’ त्या परिश्रमाचे फळ होय. म्हाइंभटांची पद्धत आजच्या वार्ताहरालाही आदर्श ठरावी अशी होती: ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडे स्वतः जायचे, त्याच्याच शब्दांत ऐकायचे, दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तो लपवायचा नाही. म्हणूनच ‘लीळाचरित्रा’त शेतकरी, गुराखी, व्यापारी, चोर, घरकामात गुंतलेल्या बायका अशी माणसे आपापल्या बोलीत बोलताना भेटतात. पुढे चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ झाला. स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेच्या कोणत्या ओसरीवर उतरले याची त्यात इतकी बारीक नोंद आहे की जुन्या मंदिरांच्या अभ्यासकांना ती आजही उपयोगी पडते. राजाच्या प्रशस्तीहून ही नोंद निराळी आहे, कारण तिच्यात मोठेपणा कोणाला द्यायचा हे आधी ठरलेले नसते.

ही दृष्टी पुढच्या सहा शतकांत मराठीत फार थोड्यांनी जपली, आणि जपली त्यांत विष्णुभट गोडसे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. कोकणातील वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले, ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून तेथे भरपूर दक्षिणा मिळेल अशी वार्ता कानी आली होती. महूच्या आसपास त्यांना वाटेत शिपाई भेटले आणि त्यांच्याकडून बंडाची कुणकुण लागली. पुढे झाशीच्या वेढ्यात ते शहरातच अडकले, लुटले गेले, आणि कमाईच्या नावाने फारसे काही हाती नसताना गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. १८८३ साली त्यांनी ही हकीकत लिहून काढली. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती संस्कारित करून १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने छापली, आणि दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती १९६६ साली प्रसिद्ध केली. मराठीतील सर्वांत वाचनीय प्रवासवर्णनांपैकी एक कर्ज फेडण्यासाठी निघालेल्या माणसाने लिहिले आहे, ही गोष्ट माजलगावच्या संदर्भात विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण या तालुक्यातून दरवर्षी होणारा सर्वांत मोठा प्रवासही उसनवारीच्या पैशातूनच सुरू होतो.

तो प्रवास ऊसतोड मजुरांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रातील सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकातील बेळगावकडे निघतात, आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. माजलगाव तालुक्यात एका बाजूला धरणाच्या पाण्यावर ऊस उभा राहतो. पैठणच्या नाथसागर जलाशयातून निघालेला १३२ किलोमीटरचा उजवा कालवा माजलगावच्या जलाशयाला येऊन मिळतो, आणि जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील सिंदफणेवरचे हे धरण १९८७ पासून शेतीला व बीड शहराला पाणी पुरवते. असे असूनही कालव्याच्या हाकेबाहेरील कोरडवाहू गावांतून ऊसतोड मजूर बाहेर पडतातच. पाणी आले, पण सर्वांच्या शेतात आले नाही. काहींची शेते तर जलाशयाखालीच गेली. शिवाय मजुराला ज्या वेळी पैसा हवा असतो त्या वेळी तो देणारी यंत्रणा दूरच्या कारखान्यांच्या वाहतूकदारांकडे तयार असते.

ही यंत्रणा समजल्याशिवाय हा प्रवास कळत नाही. पावसाळ्यात, घरात दाणा-पैसा संपत आलेला असताना, मुकादम म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा ठेकेदार घरोघर फिरून ‘उचल’ देतो. उचल म्हणजे हंगामाच्या मजुरीपोटी आधी दिलेली रक्कम. अलीकडे ती जोडप्यामागे लाखाच्या पुढे गेली आहे. तिच्यातून मुलीचे लग्न, दवाखाना, जुने देणे किंवा बैलाची खरेदी होते, आणि पैसा हंगामाआधीच खर्ची पडतो. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. अशा दहा-वीस कोयत्यांची टोळी होते. कोणी बैलगाडी घेऊन जातो, कोणी ट्रॅक्टरला जोडायच्या टायरगाडीवर असतो, आणि ज्यांना ऊस डोक्यावर वाहून मालमोटारीत भरावा लागतो त्यांना ‘डोकी सेंटर’चे मजूर म्हणतात. निघण्याच्या दिवशी गाडीत ज्वारी-बाजरीची पोती, सरपण, चूल, भांडी, अंथरूण, पिण्याच्या पाण्याचे ड्रम, शेळी, कोंबड्या, क्वचित पाळलेले कुत्रे असे सगळे घर चढते. म्हातारी माणसे गावी राहतात. त्यांच्याजवळ शाळेतली पोरे ठेवली जातात, आणि तान्ही मुले बरोबर जातात.

मुक्कामाच्या जागी खोप्या उभ्या राहतात. पाचटाने शाकारलेली किंवा प्लास्टिकच्या कागदाने झाकलेली, उभे राहिल्यास डोके छताला लागावे अशी ती झोपडी, आणि तेथेच पाच-सहा महिने संसार. पहाट होण्यापूर्वी बायका भाकरी थापून फडात जातात. उसाच्या शेताला तेथे फड म्हणतात. पुरुष बुडख्याशी वाकून कोयत्याने ऊस तोडतो, बाई वाढे छाटते, पाचट सोलते, कांड्या सारख्या करून मोळी बांधते, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढत गाडीत टाकते. वाढे म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. तो चारा म्हणून विकून मिळणारे रोजचे चार पैसे हीच हाती खेळणारी रोख रक्कम असते, कारण तोडणीची मजुरी उचलीत वळती होत राहते. गाडी भरली की कारखान्यावर वजनकाट्यासाठी रांग. नंबर लागेपर्यंत रात्र उलटते. आजारपणात किंवा बाळंतपणात काम चुकले तर ‘खाडा’ पडतो आणि त्याची रक्कम कापली जाते. मोळीत बाईचे श्रम पुरुषाइतकेच असताना हिशोब बहुधा नवऱ्याच्या नावाने होतो, ही या व्यवस्थेतील उघड उघड अन्यायाची बाब आहे आणि ती सौम्य शब्दांत मांडण्याचे कारण नाही.

या प्रवासातही माणसे भेटतात. माजलगावच्या टोळीशेजारी परभणीची, जळगावची, नंदुरबारकडची टोळी उतरलेली असते; त्यांची बोली, त्यांचे कालवण, त्यांची गाणी कानी पडतात. ज्याच्या शेतात ऊस तोडायचा त्या बागाईतदाराचे घर, विहीर, दूध डेअरी, पक्का रस्ता दिसतो, आणि पाण्याने गाव कसे बदलते याची जाणीव कोणत्याही अहवालापेक्षा अधिक स्पष्ट होते. ठिबकची नळी, द्राक्षबागेची छाटणी, गाईच्या नव्या जाती, मुलींच्या शाळा यांविषयीचे कितीतरी ज्ञान याच वाटेने मराठवाड्यात आले असले पाहिजे. तथापि परक्या गावाशी या प्रवाशांचे नाते पाहुण्याचे नसते. गावकुसाबाहेर उतरलेल्या टोळीला पाणी कोठे भरता येईल, बाईला आंघोळीचा आडोसा मिळेल का, आजारी मुलाला कोणत्या दवाखान्यात दाखवावे, हे प्रश्न दर मुक्कामाला नव्याने सोडवावे लागतात. अंगणवाडी, शाळेचा पट हे मूळ गावाशी बांधलेले असते आणि माणूस दुसरीकडे असतो. मुले मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. मुलाचे नाव एका शाळेतून दुसरीकडे नेता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रकाची सोय केली गेली. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा यांच्या नावे वसतिगृह योजना जाहीर केली आणि ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्रे देण्याचे ठरवले. दिशा योग्य आहे, वेग पुरेसा नाही.

आता वार्तेचा विचार. निजामी अमलात बाहेरची खरी बातमी मराठवाड्यात पोहोचणे हेच अवघड होते. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ हे पत्र पुण्यातून सुरू केले, कारण संस्थानात ते काढणे शक्य नव्हते. बंदी आली की नाव बदलून अंक काढायचे आणि ते हद्दीपार पोहोचवायचे, असा क्रम त्यांनी चालवला. त्या काळी अंक घेऊन येणारा प्रवासी हाच बातमीचा वाहक होता. आज मोबाइलने ती अडचण मिटवली आहे आणि फडात बसलेल्या बाईला गावी पाऊस पडला की नाही हे त्याच क्षणी कळते. उलट दिशेची बातमी मात्र, म्हणजे माजलगावविषयी बाहेरच्यांना कळणारी, अजूनही विचित्र रीतीने निवडली जाते.

डिसेंबर २०२१ मध्ये तालुक्यातील लऊळ हे गाव अचानक जगभरच्या वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर झळकले. वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडावर किंवा छपरावर नेतात आणि तेथून ती पडून अथवा उपाशी मरतात, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. अडीचशे पिल्ले मेल्याचा आकडा बातम्यांतून फिरला आणि ‘वानरांचा सूड’ असा मथळा देशोदेशी छापला गेला. वनविभागाच्या पथकाने दोन वानरे पकडून जंगलात सोडल्यावर प्रकरण शमले. वानराच्या मनात सूड होता असे मानण्यास आधार नाही. पिल्लाला उचलून नेणारे वानर त्याला सांभाळू शकत नाही आणि वर सोडलेले पिल्लू खाली उतरू शकत नाही, हे साधे स्पष्टीकरण जाणकार देतात. अडीचशेच्या आकड्याची खातरजमा करण्यासाठी दारोदार फिरण्याची तसदी मथळे देणाऱ्यांनी घेतली नाही. म्हाइंभटांची रीत येथे सुटली.

याच्या दोनच वर्षे आधी, २०१९ साली, बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न ऐरणीवर आला होता. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली आणि त्यांतील १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले असल्याचे आढळले. साधारण दर सहा बायकांमागे एक, असे हे प्रमाण पडते. खाड्याची धास्ती, फडातील अस्वच्छता, वेळेवर उपचार न मिळणे आणि पिशवी काढली की दुखणे कायमचे जाईल ही पसरवलेली समजूत, अशी अनेक कारणे त्यामागे होती. बातमी गाजली, विधिमंडळात चर्चा झाली, शस्त्रक्रियांवर नियंत्रणाचे उपाय योजले गेले. पण वानरांची गोष्ट आजही परप्रांतीय माणूस माजलगावचे नाव ऐकताच काढतो. या बायकांची गोष्ट तसा कोणी काढत नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे राज्यभरातील कारखान्यांवर एक लाखाहून अधिक ऊसतोड मजूर अडकले आणि त्यांना गावी परतण्याची परवानगी द्यावी लागली, तेव्हा हे प्रवासी काही काळ पडद्यावर दिसले. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला हिंसक वळण लागून माजलगावात लोकप्रतिनिधीचे घर आणि नगरपरिषदेची इमारत पेटवली गेली, तेव्हा पुन्हा एकदा शहराचे नाव देशभर गेले. आग लागल्यावर येणारा वार्ताहर दिवाळीत गाड्या भरून निघताना सहसा हजर नसतो.

अलीकडच्या दोन घटनांनी या तालुक्याच्या प्रवासावर परिणाम होणे अटळ आहे. १९९५ साली मंजूर झालेल्या २६१ किलोमीटरच्या अहिल्यानगर-बीड-परळी लोहमार्गाचा अहिल्यानगर ते आष्टी हा तुकडा सप्टेंबर २०२२ मध्ये आणि बीडपर्यंतचा मार्ग १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सुरू झाला. वडवणीवरून परळीकडे जाणारा उरलेला मार्ग पुरा झाल्यावर माजलगावकरांना आगगाडी आजच्यापेक्षा जवळ पडेल. बीडला पोहोचलेल्या पहिल्या गाडीच्या स्वागताला लोटलेली गर्दी पाहता, तीन दशके रखडलेल्या या मार्गाची ओढ किती होती हे कळते. त्यानंतर आठवडाभरातच, सप्टेंबरच्या अखेरीस, अतिवृष्टीने सिंदफणा आणि गोदावरी दोन्ही नद्यांना महापूर आला, धरणांचे दरवाजे उघडले गेले, आणि काठच्या शेतांतील सोयाबीन-कापूस पाण्याखाली जाऊन कित्येक ठिकाणी माती वाहून गेली. ज्याची जमीन खरवडून गेली त्याला त्या हंगामात दाराशी आलेल्या मुकादमाला नाही म्हणणे अवघड गेले असणार.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ती प्रदीर्घ मागणीनंतर. तिचा लाभ कोयत्याच्या पदरात किती पडतो हे हंगामाच्या शेवटी ठरते. गाळप बंद झाले की मजुरांच्या भाषेत ‘पट्टा पडतो’. खोप्या मोडल्या जातात, गाड्या पुन्हा भरल्या जातात, आणि गावी आल्यावर मुकादमापुढे हिशोबाला बसावे लागते: किती टन तोडले, किती खाडे झाले, किती कापले गेले, उचलीतले किती फिटले. फिटून काही उरले तर ते शेणखत, बियाणे आणि शाळेच्या वह्यांत जाते. न फिटलेली रक्कम ‘अंगावर’ राहते, ती पुढच्या वर्षाच्या उचलीत मिळवली जाते, आणि येत्या दसऱ्याला त्या घरातील कोयता कोणत्या कारखान्याकडे जाणार हे त्याच बैठकीत, चैत्र-वैशाखातच, निश्चित होते.